कौतुक तोंडी, तक्रार लेखी

शेवगाव, १४ डिसेंबर

बिभीषणभाऊ,

जहिराचा सलाम. पत्र बघून दचकू नका, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. अब्बा ठणठणीत आहेत. तुमच्या आई परवा बाजारात दिसल्या, वांग्यावरून भांडत होत्या, म्हणजे त्याही बऱ्या आहेत. कागदावर लिहितेय कारण माझा फोन बंद आहे. बिघडला नाही, बंद केलाय. फैयाजनी केला. एरवी नवऱ्याचं मी किती ऐकते ते तुम्हाला माहीत आहे, पण या वेळी निमूट ऐकलं.

श्रीमंतभाऊंचा टेम्पो तुमच्या ऊसतोडीच्या तळावर बाजरीचं पीठ घेऊन जातो, त्यांच्याकडेच हे देतेय. तळावर रेंज नसते, म्हणून तुम्हाला कदाचित काहीच कळलं नसेल. पहिल्यापासून सांगते.

तळावर जायच्या आधी तुम्ही आपल्या ‘कानसेन’ या गाण्याच्या ग्रुपवर तुमच्या वडिलांचं, कारभारीकाकांचं संबळ टाकलं होतं ना? बोरखिंडीच्या देवीच्या दारातलं, जुनं, काका होते तेव्हाचं. त्याच्याखाली तुम्ही कीबोर्ड लावलात आणि डीजेचा तो धाडधाड ठोका. सगळ्यांनी वा वा केली. मी गोरक्षनाथ सरांच्या नियमाने गेले. सरांचा नियम तुम्हाला पाठच आहे, कौतुक तोंडी, तक्रार लेखी. लिहिलेलं कौतुक खोटं वाटतं म्हणून ते आवाजात द्यायचं, आणि तक्रार लिहायची, कारण लिहिताना माणूस जरा थांबतो. तर मी आधी बोलून पाठवलं, काय आवडलं ते. मग खाली लिहिलं, ‘पण भाऊ, खरं सांगू? दुसऱ्याच मिनिटाला डोकं उठलं. असलं वाजवाल तर देवी देऊळ सोडून निघून जाईल.’ तुम्ही हसून लोळणारा माणूस पाठवलात आणि लिहिलंत, ‘देवीला विचारून सांगतो.’

आता त्या लिहिलेल्याचा फोटो फिरतोय, भाऊ. पाथर्डीपासून कर्जतपर्यंत. त्यात माझं नाव आहे आणि माझी ती वाक्यं आहेत. तुमचा कीबोर्ड नाही, तुमचं हसणं कापून टाकलंय. माझं कौतुक आहे, पण कसं? आवाजाची नुसती रेघ दिसते, शेजारी बाण. फोटोतल्या रेघेतून कुणाला काय ऐकू येणार? वर लाल अक्षरात कुणीतरी लिहिलंय, ‘लालमहंमदच्या पोरीला देवीचं संबळ सहन होत नाही.’

सर घाबरले. त्यांनी ग्रुप मोडला आणि सगळ्यांना निरोप दिला, काय असेल ते पुसून टाका. सगळ्यांनी पुसलं. माझ्या फोनातलं फैयाजनी पुसलं, तेही मला न विचारता. नंतर माझ्या डोक्यात आलं की आता माझा तो आवाज कुठे उरला असेल तर फक्त तुमच्याकडे. तुम्हाला सरांचा निरोप पोचला नसेल, एवढीच माझी आशा आहे. पुसू नका. मी नेमकं काय बोलले होते ते मला धड आठवतही नाही, पण वाईट बोलले नव्हते, एवढं नक्की.

पौर्णिमेला जत्रा आहे. देवीच्या दारात पहिला सूर अब्बांच्या सनईचा आणि पहिला हात तुमच्या घरच्या संबळाचा, हे आपल्या जन्माच्या आधीपासूनचं. अब्बांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांचा फोन साधा, बटणांचा. ते आपले रोज सकाळी सनई पुसतात.

बाकी इकडे सगळं ठीक. दुकानाची पाटी परवा खाली पडली, वाऱ्याने. फैयाज नवीन रंगवून घेणार आहेत.

तुमची,
जहिरा

*

शेवगाव, २० डिसेंबर

बिभीषणभाऊ,

श्रीमंतभाऊ परत आले. मी विचारलं, काय म्हणाले? ते म्हणाले, “काय न्हाई म्हनला. वाचलं, घडी घातली, कोयता घेऊन फडात गेला.” मी म्हटलं, अहो, चेहरा कसा होता? तर म्हणे, “उसाच्या पाचटात कुनाचा चेहरा दिसतोय व्हय?”

भाऊ, हे बरोबर नाही. एक ओळ तरी लिहायची होती. चिडला असाल तर तसं लिहा, मला चिडका माणूस चालतो. गप्प बसणाऱ्याची मला भीती वाटते. सध्या आजूबाजूला सगळेच गप्प झालेत. समोरचा पानवाला रोज ‘काय ताई’ म्हणायचा, आता मान खाली घालून सुपारी कातरतो. माझ्याकडे शिवायला टाकलेले ब्लाउजपीस बायका परत घेऊन चालल्यात. ‘घरी लग्न पुढं गेलं’ म्हणतात. एकाच आठवड्यात इतकी लग्नं पुढं जातात का कुठे? एकीचं कापड मी कापून ठेवलं होतं, तिने ते तसंच, तुकड्यांत नेलं. मी तिला पिशवीसुद्धा दिली.

पाटी वाऱ्याने नव्हती पडली. त्या दिवशी पानसुद्धा हललं नव्हतं. दुपारी दोन मोटारसायकली आल्या, पोरं उतरली, पाटीला हात घातला आणि उचकटली. मी आत मशीनवर होते. मी पाय थांबवला नाही, मशीन चालवतच राहिले, दोरा नसताना. त्यातलं एक पोर माझ्याकडे बघून म्हणालं, “जत्रेला या, तवा बघू.” शिवी नाही, काही नाही. शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण ते ‘या’ म्हणालं. जेवण जात नाही. रस्त्यावर गाडी हळू झाली तरी मी आत पळते.

अब्बांना मी सांगितलं, पाटी वाऱ्याने पडली. तुम्हालाही तेच लिहिलं होतं. खोटं सांगायची सवय लागत चाललीय.

एक मात्र ठाम सांगते, माझं मत मी बदललेलं नाही. उगाच घाबरून ‘फार छान होतं हो’ असं म्हणणार नाही. तुम्ही ते गाणं परत ऐका. मध्ये एका जागी काका मोठ्या संबळावरची काडी उचलून तशीच धरतात. वाजवत नाहीत. सनई एकटी पुढे जाते, आणि आपला श्वास अडकतो, आता पडेल, आता पडेल. ती रिकामी जागा म्हणजे कारभारीकाका. नेमक्या त्याच जागेवर तुमचा डीजे तीनदा धाड करतो. एवढीच माझी तक्रार होती. एवढ्याशा जागेवरून आज मला रस्त्यावर उभं राहायची भीती वाटते, आणि तुम्ही गप्प.

तुम्हाला माझं बोलणं लागलं का? लागलं असेल तर लागलं म्हणा. पण पुसू नका.

जहिरा

*

शेवगाव, २५ डिसेंबर

बिभीषणभाऊ,

तुम्हीच?

तुमच्या आई आल्या होत्या. झुंबरकाकू बोरखिंडीहून एसटीने आल्या, भर दुपारी, भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असं दुकानात शिरल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “जहिरा, माझं माप घे. जत्रेला नवं झंपर पायजे.” मी टेप घेतला. त्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. त्या समोर बघत राहिल्या. “रड,” म्हणाल्या, “पर माप चुकवू नको.”

मग त्यांनी सांगितलं. “माज्या बिभीषणानंच धाडलंय गं ते. कुनाचं वाईट करायला न्हाई. अजिनाथला धाडलं, चुलतभावाला. म्हनला, समद्यांनी नुसतं वा वा केलं, पर ह्या बाईनं माज्या बापाचा हात नीट ऐकला. बघ कसं तोंडावर बोलती. लई कौतुकानं धाडलं पोरी. अजिनाथनं त्ये स्टेटसला लावलं. तितनं कुनी उचललं, कुनी कापलं, देवीला ठावं.”

भाऊ, माझी तक्रार तुम्ही शाबासकीसारखी मिरवलीत! आपल्या ग्रुपमध्ये तसंच असतं, मला मान्य आहे. ज्याला कुणी मनापासून तक्रार लिहिली, तो चार दिवस छाती काढून फिरतो. सरांनीच ही खोड लावली. पण ग्रुपच्या बाहेर कुणाला हे ठाऊक आहे का? बाहेरच्याला त्यात फक्त एक मुसलमान बाई दिसली आणि देवी दिसली. एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही? मला राग आलाय, भयंकर राग आलाय. तुमच्या पाठीत धपाटा घालावा असं वाटतंय. आणि राग आला तरी भीती काही कमी होत नाही, हे नवीनच कळलं मला.

म्हणून गप्प होतात तर. लाजलात. लाजा, पण लाजून फडात लपू नका.

आता वाईट बातमी. काकू हे सांगत होत्या तेव्हा अब्बा पडद्यामागे आले होते. कधी आले, मला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं. बाहेर येऊन काकूंना म्हणाले, “वैनी, चहा घेनार का?” चहा झाला, काकूंना स्टँडवर सोडून आले, सनई काढली आणि तिच्या तोंडची पत्ती ओली करत बसले. मी म्हटलं, अब्बा, यंदा नको. आजारी आहात म्हणून कळवू. माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्या कधी आजारी पडलोय का पुनवेला?”

मी त्यांच्या पाया पडले, भाऊ. खरंच पडले. त्यांनी फक्त पाय मागे घेतले.

तुम्ही या. तुमचा फोन घेऊन या. त्या रेघेत काय आहे ते तुमच्याशिवाय कुणी ऐकवू शकत नाही.

जहिरा

*

शेवगाव, ३१ डिसेंबर

बिभीषणभाऊ,

जास्त लिहीत नाही. श्रीमंतभाऊ टेम्पो चालू ठेवून उभे आहेत.

जत्रा कमिटीचा माणूस येऊन गेला. वाईट नव्हता बोलायला. म्हणाला, “चाचा, आमचं काय म्हननं न्हाई. पर पोरं ऐकत न्हाईत. यंदा घरीच ऱ्हावा, पुढच्या साली बघू.” अब्बा म्हणाले, “तुमी नको म्हना, म्या येत न्हाई. पोरं नको म्हनत्यात म्हनू नका.” तो माणूस ‘नको’ म्हणू शकला नाही. चहा अर्धा टाकून गेला. म्हणजे अब्बा जाणार.

फैयाज म्हणतात, पुण्याला बहिणीकडे जाऊ, सगळेच. अब्बा हलणार नाहीत. मग मीही अब्बांबरोबर बोरखिंडीला जाणार. फैयाज म्हणाले, वेडी आहेस, ते तुझीच वाट बघतायत. माहीत आहे मला. पण पोरं मला शोधत असताना अब्बांनी एकट्याने तिथे बसायचं आणि मी पुण्यात पोहे खायचे, हे माझ्याने होणार नाही. घाबरत घाबरत जाईन. लोक हिंमत हिंमत म्हणतात ती कुठे मिळते मला माहीत नाही, माझ्याकडे नाही.

श्रीमंतभाऊ म्हणतात, मुकादम कुणाला सोडत नाही, ऐन हंगाम आहे. तरी विचारा. मुकादमही बोरखिंडीकडचाच ना? देवीचं नाव सांगा.

नाही जमलं तर निदान आवाज श्रीमंतभाऊंच्या फोनात घालून द्या. नाहीतर अब्बांच्या शेजारी संबळाची जागा मोकळी राहील आणि ती मोकळी जागा बघून लोकांना जे समजायचं ते समजेल.

जहिरा

*

शेवगाव, ५ जानेवारी

बिभीषणभाऊ,

तुम्ही त्याच पावली ट्रकने परत गेलात, दोन शब्द बोलता आले नाहीत. शिवाय तुम्ही पुढे होतात, पाठ आमच्याकडे. तेव्हा मागे काय चाललं होतं ते माझ्याकडून ऐका.

मी बायकांमध्ये होते. म्हणजे होते खरी, पण माझ्या भोवती रिकामं होतं. सतरंजीवर मी बसले आणि शेजारच्या जरा जरा सरकल्या. मग झुंबरकाकू आल्या, नवं झंपर घालून, आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या. माझा हात धरला. त्यांचा हात खरबरीत आणि गरम होता. माझा बर्फ झाला होता.

अब्बा ओट्यावर जाऊन बसले. शेजारी संबळाची जागा मोकळी. ती मोटारसायकलवाली पोरं कमानीपाशी उभी होती, मी ओळखलं. त्यातला एक पुढे आला आणि त्याने अब्बांच्या सनईच्या पिशवीवर हात ठेवला. ओढली नाही, नुसता ठेवला. अब्बांनीही पिशवीवर हात ठेवला. दोघं तसेच. सगळी जत्रा बघत होती. भाऊ, मला वाटलं, आता. आता होणार.

तेवढ्यात तुम्ही आलात. अंगाला पाचट, तोंडाला काजळी, पायात एक चप्पल. दुसरी कुठे टाकलीत? मला आधी ओळखूच आला नाहीत. माईक घेतलात आणि तुमची जीभ अडखळली. “त्यो फोटू... म्या धाडलाय. म्या. आता ऱ्हायलेलं ऐका.” एवढंच. मग फोनला वायर लावलीत, आणि कुठल्या बॉक्सला? जत्रेत लावलेल्या त्या डीजेच्या बॉक्सला!

स्वतःचा आवाज तसल्या भिंतीएवढ्या बॉक्समधून ऐकायची वेळ माझ्या दुश्मनावरही येऊ नये. मी पदर तोंडावर ओढला. ‘बिभीषणभाऊ, काकांचा हात ऐकला आणि मला रडू आलं. ते काडी उचलून धरतात ना, तेव्हा असं वाटतं की देवीच पुढचं पाऊल टाकायच्या आधी थांबलीय...’ हे मी बोलले होते? मला आठवतच नव्हतं. आणि मागे सनई. अब्बा आतल्या खोलीत पत्ती तपासत होते, त्यांचे तेच सूर, मध्ये तोच खोकला. मग मी त्यांच्यावर खेकसले, ‘अब्बा, थांबा ना जरा, मी देवीच्या संबळाचं बोलतेय!’ आणि लांबून अब्बा, ‘कारभारीचं हाय का त्ये? मोठ्यानं लाव की, मला बी ऐकू दे!’

ते मी साफ विसरले होते. सरांनी ग्रुपवर ऐकलं असेल, तुम्ही ऐकलं असेल, मला मात्र आठवण नव्हती.

तिथे पहिल्यांदा कुणीतरी हसलं. एक म्हातारी होती, दात नसलेली. “आगं, ह्यो तर लालमहंमदच खोकतोय,” म्हणाली. मग तिच्या शेजारची हसली. माझ्या भोवतीची रिकामी जागा हळूहळू भरत आली, मला त्यांच्या लुगड्यांचा वास यायला लागला. झुंबरकाकू मात्र हसल्या नाहीत. नवऱ्याचं नाव ऐकून त्या जमिनीकडे बघत राहिल्या, हात माझाच धरून.

पिशवीवरचा तो हात उचलला गेला, हे तुम्ही पाहिलंत. पण तो मागे येऊन काय बोलला ते तुम्ही ऐकलं नाहीत. तो म्हणाला, “आवाज काय, बनवता बी येतोय आजकाल.” त्यांच्यातले दोघे तिथेच राहिले, बाकीचे त्याच्याबरोबर गाड्या काढून निघून गेले. तेव्हा सगळं गोड झालं असं समजू नका. फोन अजून बंद आहे. पाटी अजून लावलेली नाही. काल एक बाई कापड घेऊन आली, माप देताना दोनदा दाराकडे बघितलं तिने, आणि मीही बघितलं. गाडी हळू झाली की मी अजून दचकते. ही भीती आता घरातच राहायला आलीय, कधी जाईल माहीत नाही.

पण अब्बांनी बॉक्समधल्या आपल्याच सनईचा सूर उचलला आणि तिथूनच सुरुवात केली, आणि तुम्ही काकूंनी घरून आणलेलं संबळ कमरेला बांधलंत. आणि मग ती जागा आली. तुम्ही काडी उचललीत आणि धरलीत. एवढी माणसं, आणि कुणाचा श्वाससुद्धा ऐकू आला नाही. मी डोळे मिटले होते. इतक्या दिवसांत तेवढाच वेळ मला भीती वाटली नाही.

आता तक्रार. सरांच्या नियमाने लेखी देतेय, राग मानू नका. एक तर बॉक्स फार मोठा लावला होता, माझा आवाज म्हशीसारखा आला. दुसरं, काडी तुम्ही जरा लवकर पाडलीत. काका अजून थांबले असते. घाई केलीत, भाऊ. पुढच्या जत्रेला सुधारा. आणि हे पत्र कुणाला दाखवू नका. तुमच्या अजिनाथला तर मुळीच नाही.

कौतुक मी इथे लिहिणार नाही. ते तोंडी द्यायचं असतं. फोन तर बंद आहे, तेव्हा हंगाम संपला की घरी या.

जहिरा